एका पानाचे बारा रुपये तेहतीस पैसे

आमच्या वरच्या घरात उत्तम केळुसकर राहतात. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेला माणूस. कच्चा माल किती घातला आणि रंग किती हाती लागला, हे ग्रॅमपर्यंत मोजायचं त्यांचं काम. साहेबाने आकडा जरा इकडेतिकडे करायला सांगितला तर सही करायचे नाहीत, म्हणून बढती दोनदा हुकली. हे ते स्वतःच सांगतात, तेही छाती फुगवून. मला विचाराल तर असा शेजारी म्हणजे डोक्याला ताप. टाकीत पाणी किती आणि बिल किती, यावर त्यांनी सोसायटीच्या तीन सभा लांबवल्या आहेत.

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी संचिता मस्कतला असते. नातवाचे फोटो बाबांना कागदावर बघता यावेत म्हणून तिने त्यांना रंगीत प्रिंटर घेऊन दिला. फोटो महिन्याला दोन-चार यायचे. पण काकांकडे प्रिंटर आलाय ही बातमी बिल्डिंगभर झाली आणि त्यांची बेल वाजायला लागली. कोणाला आधारकार्ड, कोणाला तिकीट, आमच्या अक्षदाला शाळेचं प्रोजेक्ट. एका पानाला काका अर्धा तास घ्यायचे. आधी कोकम सरबत, मग घरातल्या सगळ्यांची चौकशी, मग छपाई. तीही सगळ्यात उंची दर्जाची, म्हणजे यंत्र एकेक ओळ रांगत रांगत काढणार. मी गॅसवर भाजी ठेवून आलेली असायचे, मनातून चरफडायचे. साध्या दर्जात पान झटकन निघतं, हे काकांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही.

पण मोजायची खोड गेली नव्हती. कार्ट्रिजच्या खोक्यावर एकशेवीस पानं लिहिलेली, काकांच्या मोजणीत त्र्याहत्तर भरली. खोक्यावरचा आकडा म्हणे चार ओळींच्या पानाचा असतो, आणि दर वेळी चालू झालं की यंत्र स्वतःची साफसफाई करायलाही शाई पितं. कार्ट्रिजच्या नऊशे रुपयांना त्र्याहत्तरने भागलं. पानामागे बारा रुपये तेहतीस पैसे, कागद वेगळा. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पाच रुपये घेतो. काकांनी हे सगळं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘कोणीही हे यंत्र घेऊन फसू नये.’

त्यांना वाटलं, आपण लोकांचं भलं केलं. लोकांनी वाचलं वेगळंच. काकांना परवडत नाही, तोंडावर सांगवत नाही, म्हणून ग्रुपवर सांगितलं. मीही तसंच वाचलं आणि अक्षदाबरोबर पाकिटात दोनशे रुपये पाठवले. पाच मिनिटांत काका पाकीट घेऊन खाली.

“मी दुकान टाकलंय का?” एवढंच म्हणाले. पाकीट चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि गेले. मला वाटलं, रागावले. माणूस दुखावला होता आणि मला ते ओळखता आलं नाही, याची आज लाज वाटते.

मग बेल थांबली. सगळे झेरॉक्सवाल्याकडे जायला लागले. जिन्यात भेटले की काका विचारायचे, “अक्षदाला यंदा प्रोजेक्ट नाही का?” मी म्हणायचे, “झालं काका, तुम्हाला उगाच त्रास कशाला.” शाई सुकू नये म्हणून ते दर रविवारी दुपारी एक पान काढायचे. यंत्राची कुरकुर आमच्या छतातून ऐकू यायची. मग आठवडाभर वर काही म्हणजे काही आवाज नसायचा.

दिवाळीनंतर ग्रुपवर त्यांचा दुसरा मेसेज आला. ‘माझा आधीचा हिशेब चुकला होता. पान एक रुपया दहा पैशांत पडते. कृपया संकोच करू नये.’

ज्या माणसाने साहेबासाठी आकडा बदलला नाही, त्याने तो आमच्यासाठी बदलला होता. मी मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांनी अंगठे दिले.

आठवड्याने मी विजेचं बिल छापायच्या निमित्ताने वर गेले. बेलला हात लावायच्या आत दार उघडलं. सरबत आलं. यंत्र रांगायला लागलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा मितेश दारात.

“काका, तुमचा मेसेज बघून मी पण सेम प्रिंटर उचलला! एक रुपया दहा पैसे, कसलं भारी! जरा कार्ट्रिज बसवून देता का?”

काका त्याच्याबरोबर गेले. परत आले ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

“मितेश सांगत होता, शिवरामनेही घेतलाय. सरोजताईंनीही. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून,” ते म्हणाले. “आता ते बारा रुपये भरणार. आणि माझ्याकडे यायचं कारणही उरलं नाही कोणाला.”

मग त्यांनी मान वर केली.

“रसिका, तुम्ही नाही ना घेणार?”

“नाही हो काका,” मी म्हटलं. आमच्या ह्यांनी सकाळीच मागवला होता. मी मेसेज बघितल्यासारखं करून फोन काढला आणि ऑर्डर रद्द केली.

“अजून एक पान काढायचं होतं,” मी म्हणाले.

काका लगबगीने उठले, नवा कागद लावला आणि माझ्याकडे बघत थांबले. काय छापायचं ते मला काही केल्या सुचेना.