जिलब्याचं पोट

आमची आत्या 'शी' या एका अक्षरावर अख्खा दिवस काढू शकायची. हॉटेलातल्या चटणीला शी, लग्नातल्या बुफेला शी, शेजाऱ्यांच्या नव्या सोफ्याला तर बसायच्या आधीच शी. आम्ही भावंडं पाठीमागे तिला शीआत्या म्हणायचो. तिला ते ठाऊक होतं आणि त्यालाही ती शीच म्हणायची. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली. कारण विचारलं तर म्हणाली, "त्या कीबोर्डवर साऱ्या शाखेची बोटं फिरतात, धुतो का कुणी?"

अशा बाईने सकर मासा पाळला, हे सांगून आजही कुणाला पटत नाही. सकर तुम्ही पाहिला असेलच. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अंगावर खवल्यांऐवजी हाडाचं काळपट कवच, आणि तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला. ते तोंड काचेला चिकटवून शेवाळ खरवडत बसायचं आणि मागून लांबच लांब दोरा सोडत राहायचं, एवढंच त्याचं आयुष्य. मला तेव्हा त्याला बघून मळमळायचं, आताही मळमळतं.

आणला होता माझ्या चुलतभावाने, अमोलने. आयटीत नोकरी, वाकडला फ्लॅट, म्हणून हॉलमध्ये माशांची टाकी हवीच. दुकानदाराने रंगीत माशांबरोबर बोटाएवढा सकर दिला, 'काच साफ करायला'. तो वाढून केवढा होतो, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. बघता बघता तो हाताएवढा झाला आणि वहिनीने हॉलमध्ये जेवणं बंद केलं. अमोल म्हणाला, "गणपतीबरोबर नदीत सोडून देतो. आमच्या सोसायटीत सगळे तेच करतात. पुण्यही लागतं."

"परक्या मुलखातला मासा आपल्या नदीत? शी," आत्या म्हणाली. "तिथे तो पिलावळ वाढवेल आणि इथल्या माशांच्या तोंडचं खाईल. तुझं पुण्य राहू दे. इकडे आण त्याला."

बिबवेवाडीतल्या तिच्या गॅलरीत पाण्याची मोठी टाकी आली, तिच्यात खरवडायला लाकडाचा ओंडका आला. आत्या मंडईत जाऊन नखाने टोचून टोचून कोवळा दुधी निवडायची. निम्मा माशाला, उरलेला स्वतःला. मी एकदा म्हटलं, तो तर शेवाळावर जगतो ना? "काच पुसतो म्हणून उपाशी ठेवायचा? तुझ्या कामवालीला भांड्यांचं खरकटं वाढतेस का?"

त्याची जात ओळखायचा तिने ध्यासच घेतला. शनिवार पेठेतल्या सायबर कॅफेत रुमालाने कीबोर्ड पुसून ती बसायची. आजूबाजूला पोरं काय बघत असतील देव जाणे, ही माशांची पोटं बघायची. पाठीवरचा पर शिडासारखा उंच, म्हणजे शिडाचा सकर, इथवर सोपं होतं. पुढचं सगळं पोटावर. सुटे ठिपके असले तर एक जात, ठिपके जुळून नागमोडी रेघा झाल्या तर दुसरी. ओल्या पंच्यात धरून तिने त्याला उताणा केला, ज्या हातांनी ती हॉटेलातला चमचा धरत नसे त्या हातांनी. रेघाच निघाल्या, आणि घशाखाली त्यांचं एक वेटोळं, थेट जिलबीसारखं. त्या दिवसापासून तो जिलब्या झाला. "पाठी सगळ्यांच्या सारख्याच गं," ती म्हणायची, "पण एकाचं पोट दुसऱ्यासारखं कधी नसतं." येईल त्याला ती हे ऐकवायची आणि येणारा चहा न पिताच उठायचा.

मग ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऐन गणपतीत ऑपरेशन. मी हॉस्पिटलात तिच्यापाशी, घराची किल्ली अमोलकडे. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "जिलब्याला दुधी घातला का?"

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अमोल खिरापत घेऊन आला. "आत्या, विसर्जनाला गेलोच होतो, जिलब्यालाही मोकळा केला. आता तुला कुठे झेपणार ते? नदीत मजेत राहील बघ." आनंदाने सांगत होता तो. मला त्याची अशी किळस आली की त्याच्या हातची खिरापत मी तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकली. आत्याने मात्र तिची मुठीत धरून ठेवली. शी म्हणाली नाही.

काठी घेऊन चालता यायला लागल्यावर ती म्हणाली, "नदीवर ने." शहराच्या खालच्या अंगाला जाळी टाकतात तिथे आम्ही रिक्षाने गेलो. काठावर सकरांचा ढीग पडला होता, काही सुकून कडक झालेले, काही त्याच सकाळचे.

"इकायला न्हाईत हे, आजी," जाळं सांधणारा माणूस म्हणाला. "कोन खानार? जाळी फाडत्यात. आमचं मासं तर गेलंच."

"आमच्या घरातून आलेत हे," आत्या म्हणाली. "चूक आमची आहे." तिला कुणाची माफी मागताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग ती काठीने एकेक मासा उताणा करत गेली. मी नाकाला पदर लावून लांब उभी. एकापाशी ती थांबली. वाकता येत नव्हतं तरी वाकली, काठी सोडून हाताने त्याला पुन्हा पालथा केला आणि म्हणाली, "चल."

रिक्षात तिने हात पुसले नाहीत. मी विचारलं, "सापडला का गं?"

"काय कळणार?" आत्या बाहेर बघत म्हणाली. "पोटं सगळ्यांची सारखीच असतात."