साखरबाईचा फिरता स्टँड

साखरबाई माझी थोरली जाऊ. आमच्या वडगाव निंबाळकरात लोक म्हणायचे, हिच्या नावातली साखर कधीच कारखान्याला गेली, घरात नुसती मळी उरली. तिच्या तोंडावर हे बोलायची छाती मात्र कुणाची नव्हती. मी तिला आक्का म्हणायची आणि शक्यतो तिच्या पाठीमागून चालायची.

आक्का रुखवत करायची. लग्नात मुलीकडचे लोक टेबलावर जी सगळी हौस मांडतात आणि पोरीबरोबर सासरी पाठवतात, ती हौस आमच्या भागात बहुतेक आक्काच्या हातची असायची. कागदाचे पंखे, पुठ्ठ्याची बैलगाडी, आहेराची पाकिटं, टेबलावर पसरायचा कागद, सगळ्यावर तिचे ठसे. अर्धी कापलेली भेंडी रंगावर दाबली की फूल, कारल्याचा काप दाबला की चक्र, उसाची कांडी दाबली की रुपयाएवढा गोल. बाजारात स्टॅम्पपॅड मिळायचे ते जांभळे नाहीतर काळे. तेवढ्यावर हिचं भागेना. आमच्या सासऱ्यांच्या काळात घरात मेंढरं होती. मेंढरं गेली, घोंगड्या उरल्या. आक्कानं जुन्या घोंगडीचे गोल तुकडे कापले, बुटाच्या पॉलिशच्या रिकाम्या डब्यांत बसवले आणि कापडाचे पक्के रंग त्यात मुरवले. लाल, डाळिंबी, मोरपंखी, शेंदरी. सासूबाई असत्या तर घोंगडी कापल्याबद्दल त्यांनी आक्काला कापलं असतं.

माझे थोरले दीर ऐन तरुणपणी गेले. गावातल्या निम्म्या पोरींची रुखवतं आक्कानं सजवली, पण एकाही रुखवतासमोर ती उभी राहिली नाही. वरमाय आणि तिच्या सवाष्णी बघायला निघाल्या की आक्का आपण होऊन मागच्या खोलीत जायची. तिला जा असं कुणी म्हणत नव्हतं, आणि थांब असंही कुणी म्हणत नव्हतं. मला त्याचा राग यायचा. मी तसं एकदा बोलले, तर म्हणाली, "सारजे, हितं बसून शेवाया खायला मिळत्यात, तितं नुसतं उभं ऱ्हावं लागतंय."

तर झालं असं की डब्या वाढत गेल्या. एकीवर एक रचायच्या आणि हवी ती नेमकी तळाला. आक्काचा गुडघा धरलेला, एकदा मांडी घातली की तिला हलता येत नसे. मग "सारजे, मोरपंखी!" अशी हाक, आणि मी भाकरी तव्यावर टाकून धावणार. एकदा ती झाकण नसलेल्या डाळिंबी डबीवरच बसली आणि तशीच दळणाला जाऊन आली. गिरणीतल्या बायका दोन दिवस हसत होत्या. तिसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, "मला फिरता स्टँड पायजे. मी बसल्याजागी ऱ्हायची, डब्यांनी माझ्याकडं यायचं."

मुलगी बघायला जातात तसे आम्ही बारामतीला स्टँड बघायला जायला लागलो. आक्का पिशवीतून घरची वाटी न्यायची. दुकानात गेलं की वाटी पाण्यानं भरायची, स्टँडवर ठेवायची आणि फिरवायची. पाणी सांडलं की स्टँड नापास.

कासाराच्या दुकानात बांगड्यांचा छान फिरता स्टँड होता. दुकानदार म्हणाला, "बाई, ह्यो विकायचा न्हाय. ह्याच्यावरच्या बांगड्या विकायच्या हायत."

"मग बांगड्या काढून ठेवा," आक्का म्हणाली. "मी जरा मोकळा बघते."

तिथून आम्हाला चहा न मिळता निघावं लागलं. मग कॅसेटवाल्याकडं गेलो. त्याचा स्टँड माणसाएवढा उंच, चारी बाजूंना खाने, नुसत्या बोटानं गरगर फिरणारा. मला तर तोच आवडला. आक्कानं एका खान्यात डबी उभी करून बघितली आणि मान हलवली. "उभ्या डबीत रंग खाली उतरतोय. वरची लोकर कोरडी, खालची चिखल. डबी आडवीच बसाय पायजे." एवढं सांगून तिनं वाटीत पाणी मागितलं. कॅसेटवाल्यानं पाणी दिलं नाही, गाण्याचा आवाज मात्र एवढा मोठा केला की आम्ही रस्त्यावर आलो. आणखी एका दुकानात प्लास्टिकचा होता, त्याच्यावरची वाटी पहिल्याच फेऱ्यात मालकाच्या अंगावर गेली.

शेवटी भांड्यांच्या दुकानात सापडला. मालक आबाजी, स्वभावानं गरीब. स्टीलचा तीन मजली स्टँड, प्रत्येक मजल्याला काठ, बूड जड. आक्कानं फिरवला. पाणी वाटीतल्या वाटीत गोल फिरून गप्प बसलं. आक्कानं पुन्हा फिरवला. मग उगाचच पुन्हा.

"बाई, ह्यो लोणच्याच्या बरण्यांचा हाय," आबाजी म्हणाले.

"लोणच्यानं सांगून ठिवलंय व्हय, दुसऱ्या कुणाला बसू दिऊ नगा म्हणून?"

दीर गेल्यापासून आक्कानं स्वतःसाठी घेतलेली ती पहिली वस्तू. एसटीत तिनं स्टँड मांडीवर घेतला आणि कंडक्टर "वर ठेवा" म्हणाला तर त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढं निघून गेला. आमचे मालक जोतीराम ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, त्यांनी बुडात ग्रीस भरून दिलं. मग तर तो स्टँड आवाजसुद्धा करेना. आक्का रात्री निजायच्या आधी त्याला एक फेरा द्यायची. मी बघत नाही असं तिला वाटायचं.

त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या कुंडलिकरावांच्या सुप्रियाचं लग्न ठरलं. नवरा बावड्याचा, रणजित. त्याची आई भागूबाई म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांच्या सोयीसाठी कार्यालय इंदापुरात घेतलं. आक्कानं रुखवतात जीव ओतला. लग्नाच्या सकाळी टेबलावरच्या कागदाची किनार तेवढी राहिली होती, म्हणून स्टँड बरोबर घेतला. आक्का खुर्चीवर बसून ठसे मारतेय, स्टँड टेबलाच्या कडेला, आणि मी भेंड्या कापून देतेय, तेवढ्यात सुप्रियाची आई ओरडत आली, "आल्या, वरमाय आल्या!"

आक्का उठली. गुडघा धरत, भिंत धरत मागच्या खोलीत गेली. स्टँड राहिला तिथंच.

भागूबाई आपल्या चार जावा घेऊन आल्या. बैलगाडी बघितली, पंखे बघितले, नाक जरा वर ठेवूनच बघितले. मग त्यांचा हात स्टँडला लागला आणि स्टँड फिरला.

"अगं बया, ह्ये फिरतंय!"

पाचही जणी गोळा झाल्या. सगळ्यांनी एकेक फेरा दिला. फोटोवाल्याला बोलावून फोटो काढला. मग भागूबाईंनी वरच्या मजल्यावरची एक डबी उघडली. आत ओला, गर्द लाल रंग.

"बघा, कुंकू बी किती हौसेनं ठिवलंय," त्या म्हणाल्या.

मी "अवो, त्ये" एवढंच म्हणाले. तोवर भागूबाईंनी बोट बुडवून आपल्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला होता. मग एकेक करून चारी जावांना. हे कुंकू नसून घोंगडीत मुरवलेला रंग आहे, डबी पॉलिशची आहे आणि ती भरणारी बाई विधवा आहे, हे भर लग्नात वरमाईला कोण सांगणार? मुहूर्ताआधीच वऱ्हाड माघारी गेलं असतं. शेवटची जाऊ कपाळ पुढं करून उभी होती तेव्हा मी मागच्या खोलीकडं पळाले.

आक्का शेवाया खात होती. मी सगळं सांगितलं. तिनं ताट खाली ठेवलं.

"कंची डबी? लाल का डाळिंबी?"

"लाल."

"मग आठ दीस न्हाय हालत." असं म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि हसून हसून डोळ्यांतून पाणी काढलं. हसता हसता एकदम थांबली आणि म्हणाली, "पाची जणींनी लावलं?" मी हो म्हणाले. "माझ्या डबीतलं?" मी परत हो म्हणाले. मग ती हसली नाही. शेवायांचं ताट तिनं परत उचललं नाही.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि रुखवत टेम्पोत भरायला लागले. भागूबाईंनी स्टँड कुणाच्या हाती दिला नाही, डब्यांसकट स्वतःच उचलला. ते आक्कानं खिडकीतून बघितलं. इतक्या लग्नांत पहिल्यांदा ती मागच्या खोलीतून बाहेर आली, ती थेट टेम्पोपाशी.

"त्यो स्टँड माझा हाय."

भागूबाईंनी तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं. "रुखवतात मांडल्यालं माघारी मागत्यात व्हय? कंच्या गावची रीत ही?"

"मांडल्याला न्हाय. ऱ्हायल्याला हाय."

आक्कानं एका बाजूनं धरला, भागूबाईंनी दुसऱ्या. पण तो फिरता स्टँड! आक्कानं ओढला की भागूबाईंकडं फिरायचा, भागूबाईंनी ओढला की आक्काकडं यायचा. जोतीरामांचं ग्रीस नको तिथं कामाला आलं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. शेवटी कुंडलिकराव मधे पडले आणि त्यांनी आक्कापुढं हात जोडले. "साखरवैनी, पोरीचं नांदणं हाय. सोडा."

आक्कानं सोडला. टेम्पो बावड्याच्या रस्त्याला लागला, आणि भागूबाईंच्या मांडीवर माझ्या जावेचा स्टँड उन्हात चमकत गेला.

घरी आल्यावर ती कुणाला टाकून बोलेना, तेव्हा मला भीती वाटली. जोतीराम म्हणाले, दुसरा आणू. "नगं," म्हणाली. उरलेल्या डब्या पुन्हा एकीवर एक रचल्या आणि "सारजे, मोरपंखी" अशी हाकसुद्धा मारेना. मोरपंखी बावड्याला गेली होती. घरात कुणी वारल्यासारखं वाटायला लागलं, आणि ते एका स्टँडसाठी होतं हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

मग सुप्रिया मांडवपरतणीला आली. तिला सोडायला तिचा दीर यायचा, पण आल्या स्वतः भागूबाई. पदर पार भुवयांपर्यंत ओढलेला. व्याह्यांकडं जेमतेम पाणी प्यायल्या आणि सुप्रियाला घेऊन आमच्या दारात. सुप्रियाच्या हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

आक्कानं बसायला घातलं. मी चहा टाकला. मग दोघी बोलायला लागल्या. बावड्याला पाऊस कसा, आमच्याकडं दुधाला भाव काय, इंदापूरच्या बाजारात गर्दी किती. पदराबद्दल कुणी बोलेना, चादरीबद्दल कुणी बोलेना. चहा संपला, बश्या उचलल्या, तरी दोघी उसाच्या तोडीवरच. सुप्रिया आणि मी एकमेकींकडं बघून ओठ चावत होतो.

शेवटी भागूबाईंनीच पदर मागं घेतला. टिळा जसाच्या तसा. भोवतीचं कपाळ मात्र घासून घासून सोललेलं.

"निघंना," त्या म्हणाल्या.

"शोभून दिसतंय की," आक्का म्हणाली.

"साबण झाला, राख झाली, दगूड बी घासला. माझ्या चार जावा पदर वढून घरात बसल्यात. सुप्रियानं सांगितलं परवा, काय हाय आन् कुणाचं हाय."

"मग?"

"मग काय. तुमचा रंग, तुमी काढा."

आक्कानं मला खोबरेल आणि लिंबू आणायला सांगितलं. आणलं, तर म्हणाली, "सारजे, तू चोळ." तिचा हात सवाष्णीच्या कपाळाला लागायचा नव्हता, म्हणून. मी पुढं झाले.

"तिला काय कळतंय?" भागूबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून कपाळ आक्कापुढं धरलं.

आक्कानं हळूहळू चोळलं. सोललेल्या जागी फुंकर घातली. मी तिला बारामतीच्या दुकानांत भांडताना बघितलं होतं, एवढं जपून काही करताना बघितलं नव्हतं. रंग उतरत गेला. बावड्यातल्या चौघींसाठी लिंबू किती आणि तेल किती, तेही तिनं सुप्रियाला समजावून सांगितलं.

मग भागूबाईंनी चादर सोडली. आत स्टँड, डब्या, सगळं लख्ख पुसलेलं. "रुखवतातलं माघारी देत न्हाईत," त्या म्हणाल्या. "पर माघात आमच्या लेकीचं, प्रतीक्षाचं लगीन हाय. तिचं रुखवत तुमी करायचं, म्हणून ह्यो तुमच्याकडं. आन् ह्या बारीला टेबलाम्होरं उभं ऱ्हायचं. न्हाईतर आमी कश्यात बी बोट घालतो."

आक्कानं स्टँडला एक फेरा दिला. आता मी बघतेय हे तिला दिसत होतं, तरी दिला.

भागूबाई उठल्या. कपाळ मोकळं. आल्या सवाष्णीला तसं कसं पाठवायचं, म्हणून मी देवघरातून करंडा आणला आणि कुंकवात बोट घातलं. भागूबाईंनी माझा हात धरून बाजूला केला.

"थांब गं." मग आक्काकडं वळल्या. "तूच लाव. तुझंच टिकतंय."

आक्कानं आधी माझ्याकडं बघितलं. मग करंडा घेतला. बोटाची सवय मोडलेली, त्यामुळं कुंकू जरा वाकडंच लागलं. मी नीट करायला गेले, तर भागूबाईंनी मला हात लावू दिला नाही. ते वाकडं कुंकू घेऊन त्या एसटीनं बावड्याला गेल्या.