सोमवारची ओळ

माझ्या मामाला कागदावरची रिकामी जागा सहन होत नसे. वाणसामानाची यादी लिहिली, की शेवटच्या ‘साबण’खाली जेवढा कागद उरेल तेवढ्यावर तो एक तिरकी रेघ मारायचा. मी परीक्षा पास झाले तेव्हा त्याने अभिनंदनाचं पत्र पाठवलं, त्यातही सहीखाली रेघ होतीच. मामी म्हणायची, “ह्यांच्या यादीत कोण चोरून साखर वाढवणार आहे, देव जाणे.” आम्ही भाच्या त्याला पाठीमागे ‘रेघमामा’ म्हणायचो. त्याला ते ठाऊक होतं. फारच चिडवलं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचा, “हसा, हसा. मोकळी जागा दिसली की कुणाचा तरी हात शिवशिवतोच.”

ही खोड त्याला नोकरीतून लागली होती. मामा पोलीस ठाण्यात कोठडीची नोंदवही लिहायचा. दाराशी एक खिडकी, आत टेबल, टेबलावर लांबरुंद वही. माणूस आणला की आधी ओळ लिहायची: नाव, आणल्याची वेळ, कारण, सोडल्याची वेळ, शेवटी शेरा. ती ओळ लिहिली की घड्याळ सुरू. चोवीस तासांत त्या माणसाला न्यायालयात उभं करायचं, नाहीतर सोडायचं. शेऱ्याच्या रकान्यात काही लिहायचं नसलं, तर तिथे तिरकी रेघ. म्हणजे ओळ बंद, आता कुणालाही काही घुसडता येणार नाही. सव्वीस वर्षं मामाने हेच केलं. त्याच्याकडे ना काठी होती, ना हुद्दा. पण कमरेला पिस्तूल लावणारे अधिकारीसुद्धा त्याच्या टेबलापाशी थांबून नाव सांगायचे आणि मगच आत जायचे. त्याला त्याचा जरा गर्व होता, आणि तो मला आवडायचा.

मग एका सोमवारी सकाळी दहा चाळीसला छापखानेवाल्याला आणलं. नळाला आठवडाभर पाणी नव्हतं आणि त्याचा जाब विचारणारी पत्रकं त्याने छापली होती. एवढाच त्याचा गुन्हा. मामाने पेन उघडलं, तेवढ्यात ठाणेदार म्हणाले, “एक ओळ सोडा. काय लिहायचं ते नंतर सांगतो.”

मामाने ओळ सोडली.

का सोडली, हे मी त्याला नंतर रागाने विचारलं होतं. मला वाटलं होतं, निवृत्तीला दोन वर्षं राहिली म्हणून घाबरला असेल. तो म्हणाला, “नाही गं. माणूस चांगला आहे म्हणून सोडली.” आणि ते खरं होतं. मामाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हेच ठाणेदार दवाखान्यात मामीच्या शेजारी पाच तास बसून होते. अशा माणसाला एका ओळीसाठी नाही कसं म्हणायचं?

मंगळवारी छापखानेवाल्याची बायको खिडकीशी आली. “माझे मालक आत आहेत का?” मामाने वहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “नोंद नाही.” बुधवारी ती पुन्हा आली. मामाने पुन्हा बोट फिरवलं. वहीत नाव नव्हतं, म्हणजे तो खोटं बोलत नव्हता, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. त्या दुपारी छापखानेवाल्याला मागच्या दाराने गाडीत घालून नेलं. कुठे ते कुणी सांगितलं नाही.

गुरुवारी ठाणेदार टेबलापाशी आले. “ती ओळ भरून टाका. सोमवारी दहा चाळीसला आणलं, विचारपूस केली, संध्याकाळी सव्वासहाला सोडलं.” मामाने लिहिलं. आता कागदाप्रमाणे छापखानेवाला सोमवारीच चालत घरी निघाला होता. पुढे त्याचं काय झालं, याच्याशी ठाण्याचा संबंध उरला नव्हता. त्याला शोधायचीसुद्धा कुणाला गरज नव्हती.

बायको गप्प बसली नाही. ती न्यायालयात गेली. न्यायाधीशबाईंनी वही मागवली आणि वही लिहिणाऱ्यालाही बोलावलं.

न्यायालयात जायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, आम्ही मामीच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मामी म्हणाली, “विचारतील तेवढ्याला हो म्हणा आणि परत या. तुम्ही काय त्याला हात लावला होता का?” मीही म्हणाले, “मामा, तू एकट्याने अंगावर कशाला घेतोस?” हे लिहिताना मला लाज वाटते, पण म्हणाले होते. मामा बसल्या बसल्या टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला बोटाने रेघा ओढत होता.

न्यायालयात ठाणेदार पहिल्या बाकावर होते. मामाकडे बघून त्यांनी मान हलवली, अगदी घरच्यासारखी.

“हे अक्षर तुमचं?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“हो.”

“त्याच दिवशी लिहिलंत?”

मामाने पाणी मागितलं. प्यायला, आणि म्हणाला, “नाही. गुरुवारी लिहिलं. सोमवारी मी जागा सोडली होती.”

ठाणेदारांचा वकील ताडकन उठला. न्यायाधीशबाईंनी त्याला हातानेच खाली बसवलं. “गुरुवारी तुम्ही खोटं लिहिलंत. मग आज खरं बोलताय, हे मी कशावरून मानू?”

“माझ्यावर विश्वास ठेवू नका, बाईसाहेब,” मामा म्हणाला. “मी साहेबांवर ठेवला, त्यातूनच हे सगळं झालं. कुणावर विश्वास ठेवायची वेळ येऊ नये म्हणून तर वही असते. शेऱ्याचा रकाना बघा.”

त्यांनी बघितलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकतर शेरा होता, नाहीतर तिरकी रेघ. सोमवारच्या त्या एका ओळीपुढे काहीच नव्हतं.

“घाईत राहिली असेल,” वकील म्हणाला.

न्यायाधीशबाई मागे मागे पानं उलटत गेल्या. वर्षभराची पानं बघितली, मग आधीची वही मागवली. अर्धा तास गेला. दुसरी तशी ओळ सापडली नाही. त्यांनी मामाला विचारलं, रेघ का मारली नाही? मामा म्हणाला, “लिहायला हात चालला. बंद करायला धजला नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत माणूस समोर हजर करा, असा हुकूम निघाला. तो दोन तासांवरच्या एका चौकीत सापडला. जिवंत होता. उजव्या हाताची तीन बोटं वळत नव्हती. ह्याच बोटांनी तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा.

ठाणेदारांची चौकशी लागली. मामाही निलंबित होऊन घरी बसला. खोटी नोंद त्याचीच होती, त्यामुळे त्याला तक्रार करायला तोंड नव्हतं. वर्तमानपत्रात मात्र त्याला ‘धाडसी कारकून’ म्हटलं. मामीने ते कात्रण जपून ठेवलं, शेजारी वाटेत थांबून हात मिळवू लागले. मामा फिरायला जायचा बंद झाला.

महिन्याभराने छापखानेवाल्याची बायको घरी आली. मी दार उघडलं. तिने चहाला नको म्हटलं, पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. “ठाणेदारावर खटला लावायचाय. त्या तीन दिवसांत तुम्ही जे पाहिलं, जे ऐकलं, ते वेळेसकट लिहून द्या.”

मामाने चष्मा पुसला आणि लिहायला बसला. सोमवार, दहा चाळीस. मंगळवार, सव्वाअकरा. त्याचं अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं. अर्ध्या पानात संपलं. त्याने कागद तिच्यापुढे सरकवला आणि ती वाचू लागली. एका जागी तिचं बोट थांबलं. ते वाक्य मी तिच्या खांद्यावरून वाचलं: ‘बाई खिडकीशी आल्या, मी नोंद नाही म्हणालो, त्या वेळी आतून ओरडण्याचा आवाज येत होता.’

“मला वाटलं, कुणी दुसराच असेल,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं, ते होते म्हणून?”

“हो.”

“बुधवारी पण?”

मामाने मान खाली घातली. “बुधवारी आवाज नव्हता. मला वाटलं, ते जिवंत नसतील.”

मला वाटलं, ती रडेल किंवा त्याला शिव्या घालेल. त्याने शिव्या खाव्यात असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे निदान हिशेब मिटला असता. तिने तसलं काही केलं नाही. ती कागदाची घडी घालू लागली, तसा मामा हात पुढे करून म्हणाला, “जरा द्या. खाली जागा उरलीय, रेघ मारतो.”

तिने कागद दिला नाही.

“राहू दे रिकामी,” ती म्हणाली. “बुधवारचं लिहायचंय अजून तुम्हाला. मी उद्या येते.”