शिंदेच्या घड्याळाची चावी

दोन हजार सहा साल, ऑक्टोबरअखेर. जर्मनीत गेर्लिंगेनला मुलीकडे होतो. दुसऱ्या दिवशी क्रांकनहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या इस्पितळात, भरती, मग बायपास. सारख्या येरझारा घालत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, बसा हो जरा!" बसवतंय कुठं? ऑपरेशनचं भय नव्हतं. जीव अडकला होता एका मनगटी घड्याळात. त्याला रोज सकाळी आठला चावी देणार कोण?

बघतो तर जावई मिलिंदराव तेच हातात घेऊन उभे.

"बाबा, विंटरत्साइट लागलं, घड्याळं तासभर मागे घेतली. हे तर त्याहूनही सव्वा तास मागे आहे. लावून देतो."

"खबरदार काट्यांना हात लावाल तर!"

बिचारे दचकले. इंजिनिअर माणूस, चुकीचं घड्याळ बघवत नाही. म्हटलं, बसा, सांगतो.

नेव्हीत मी नॅव्हिगेटिंग ऑफिसर होतो. समुद्रात अक्षांश सूर्य-तारे सांगतात, पण रेखांशाला अचूक वेळ लागते. घड्याळ चार सेकंद चुकलं, की विषुववृत्तावर जहाज मैलभर चुकतं. पूर्वी या रेखांशापायी जहाजंच्या जहाजं खडकांवर फुटली. शेवटी एका इंग्रज सुतारानं डुलत्या जहाजावरही टिकेल असं घड्याळ केलं. आमचा नियम साधा: रोज चावी द्या, रेडिओच्या टाइम सिग्नलशी ताडून पाहा, काटे हलवू नका. किती चुकतंय ते ठाऊक असलं की भागतं.

हे काम पेटी ऑफिसर शिंदेचं. रोज आठला रिपोर्ट: "वाउंड, सर," म्हणजे चावी दिली. मी म्हणायचो, "व्हेरी गुड." हे घड्याळ त्याचं स्वतःचं. तेही तो असंच पाळायचा, ग्रीनिचच्या वेळेवर.

एका पहाटे इंजिन रूमला आग लागली. लाइट गेली, जीपीएस बंद. बॅटरीच्या रेडिओ सेटवर एक व्यापारी जहाज मिळालं.

"पोझिशन सांगा. ओव्हर."

मी ताऱ्यांची उंची मोजायचा सेक्स्टंट धरला, शिंदेनं हे घड्याळ. मी ओरडलो, "स्टँड बाय... मार्क!" त्यानं सेकंदासकट वेळ सांगितली आणि घड्याळ माझ्या हातात कोंबलं.

"सर, खाली आपली माणसं आहेत."

गेला. दोघांना वर ढकललं. तो काही आला नाही. पोझिशन बरोबर निघाली, जहाज आलं, आम्ही वाचलो.

घड्याळ द्यायला त्याच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच ठेवा, साहेब. बंद तेवढं पडू देऊ नका." काटे शेवटचे लावले ते शिंदेनं. त्यानंतर कोणी हलवलेले नाहीत. तासाचा फरक ग्रीनिचचा, वरचा पाव तास इतक्या वर्षांत मागे पडलेला.

मिलिंदरावांनी घड्याळ हळूच टेबलावर ठेवलं.

ऑपरेशननंतर डोळे उघडले, तर ते समोर ताठ उभे.

"बाबा, रोज आठला चावी दिली. काटे तसेच आहेत."

"व्हेरी गुड, शिंदे," म्हणालो.

त्यांनी घड्याळ माझ्या कानाशी धरलं.

"येस, सर."