एक ओळ पुढे

दरेकशाजवळच्या एका दोनशिक्षकी शाळेत माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा मला माझ्या वाचनाचा फार तोरा होता. मी खुर्चीत बसून गोष्ट वाचायचे आणि पोरं खिडकीबाहेर बघत बसायची. नाचता येईना अंगण वाकडे, तसा सगळा दोष मी पोरांनाच दिला.

त्यातही तिसरीतली एक मुलगी. पुस्तक हातात दिलं की मान खाली घालून नुसते ओठ हलवायची. मी रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, पण तिच्या तोंडून ब्र निघेना. हिला वाचता येत नाही, पुन्हा तिसरीतच बसवायची, असं ठरवून मी तिच्या बापाला बोलावलं.

तो शेतातून तसाच आला. माझं ऐकून हसायलाच लागला.

"वाचते जी ते, बाई. जवळ जाऊन आयका. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते नं, तिथल्या रातच्या नाटकात मी प्रॉम्टर आहो. पडद्यामागं लहानपणापासून ते माह्या मांडीवर बसून राहते. पुस्तक ज्याच्या हातात, त्यानं हळूच बोलाचं. जोरानं बोलाचं काम नटाचं."

मी तिच्या तोंडाशी कान नेला. पोरगी अख्खा धडा न अडखळता वाचत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी खुर्ची सोडली. ती पुस्तक घेऊन फळ्यामागे बसे आणि एक ओळ पुढे राहून कुजबुजे. कोल्हा, म्हातारी, पाटील झालेली पोरं तीच ओळ खच्चून म्हणत. खिडकीबाहेर आता कुणी बघत नव्हतं. एकदा मी तिला वाघ व्हायला सांगितलं, तर म्हणाली, "मंग सांगन कोण?" शेवटी वाघ मीच झाले.

ती अर्थातच चौथीत गेली. त्याच वर्षी माझी बदली झाली. निरोपाचं भाषण मी लिहून नेलं होतं. तो कागद तिनं आपणहून मागून घेतला आणि माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

दोन वाक्यं बोलले आणि अडले. सारं गाव समोर बसलेलं, आणि मला पुढचं काही आठवेना. तेवढ्यात मागून तिचा तोच कोरडा, हळू आवाज आला, "मला वाचायला या शाळेतल्या एका मुलीनं शिकवलं."

मी डोळे पुसले आणि तीच ओळ खच्चून म्हटली.