तेवीस जणांचा राजीनामा

"काकू, हा कागद चार वाजेपर्यंत ठेवा ना. दिखाने के लिए है, बस," म्हणत सुजातानं तेवीस सह्यांचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि धरण्यावर परत गेली.

सुजाता आमच्या मानक नगरचीच, रेल्वेतल्या फिटरची मुलगी. केमिस्ट्रीत पीएचडी करत होती. थीसिस टाइप व्हायचीच काय ती बाकी. मी युनिव्हर्सिटीत, रिसर्च सेक्शनला क्लार्क. बजेट कापलंय, फेलोशिप कमी करा, असा वरून हुकूम आलेला. म्हणून रिसर्चची पोरं संपावर.

कागद म्हणजे सामूहिक राजीनामा. आम्ही सगळे रिसर्च सोडतो, असा. तिकडे उत्तरेत ही रीतच होती बघा. राजीनामा दाखवायचा, साहेब नरमले की परत घ्यायचा. चार वाजता रजिस्ट्रारसाहेबांशी मीटिंग होती.

आता माझं काम सांगते. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, नंबर घालून रजिस्टरात चढवायचा. याला इनवर्ड म्हणतात. इनवर्ड झालेला कागद ऑफिसचा. मागे पोरांचं एक निवेदन शिक्क्याविना गहाळ झालं होतं. "आया ही नहीं," म्हणून साहेब मोकळे. हा तरी हरवू नये म्हणून मी आपला शिक्का मारून रजिस्टरात चढवला. कुणी सांगितलं नव्हतं हो.

तासाभरानं बडे बाबू, आमचे हेडक्लार्क, रजिस्टर बघायला आले. चष्मा वर केला.

"इस्तीफ़ा? और चढ़ भी गया? वाह बहनजी, आपने तो हमारी मुश्किल आसान कर दी."

मी खुर्चीतून उठले. "बडे बाबू, वो तो दबाव के लिए है. बच्चे हैं."

"दबाव रजिस्टर में नहीं चढ़ता. काग़ज़ चढ़ता है."

"एंट्री काट देती हूँ. आप सही कर दीजिए."

"हम? नौकरी गई तो पेंशन आप देंगी?"

कागद घेऊन ते वर गेले. चार वाजता मीटिंग झालीच नाही. राजीनामे मंजूर, अशी नोटीस तेवढी लागली.

ज्यांचे गाइड वजनदार, ते माफीनामा लिहून हळूहळू परत आले. सुजातानंही लिहिला. तो मीच इनवर्ड केला. तिच्या गाइडनं शिफारस दिली नाही, आणि तिच्या बापाला वर ओळखणारं होतं कोण? ती बाहेरच राहिली.

मी तिच्या घरी गेले, शिक्का मीच आपणहून मारला ते सांगितलं. तिची आई चहा गाळता गाळता थांबली. सुजाता म्हणाली, "छोड़िए काकू, सही तो मैंने ही की थी." पुढे आलमबागला एका शाळेत ती लहान मुलांना शिकवायला लागली. बाजारात भेटली की नमस्ते करायची. थीसिसचं मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर सेक्शनला जो नवा क्लार्क येई, त्याला मी शिक्का देण्याआधी बजावायची. कागद आणणाऱ्याला विचार, बाबा, यात लिहिलंय ते उद्या खरंच झालं तर चालेल का तुला? हो म्हणाला, तरच मार.