रोजनामच्यातले ‘मीठा पानी’

नोकरीतली बरीच प्रकरणे आता धूसर झाली आहेत. हे एक मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहे, कारण यात चुकलो होतो आम्ही. मला ते नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. प्रयत्न करतो.

इंदुरातल्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, तो काळ. मी पोलीस ठाण्यात नवा उपनिरीक्षक. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे कागदावर लिहिलेले खरेच असणार असा माझा भाबडा विश्वास. आमच्या हद्दीत एका बंद गिरणीच्या आवारात थंड पेयांचा नवा कारखाना आला होता. तिथल्या बोअरचे पाणी मचूळ. ते गोडे करणारे मोठे यंत्र कारखान्याने बसवले होते. भिंतीपलीकडे गिरणी कामगारांची वस्ती होती, आणि वस्तीला एकच विहीर.

त्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवेना. वस्तीतल्या मुलांना जुलाब सुरू झाले, दोघांना इस्पितळात न्यावे लागले. तेवढ्यात आमच्या खबऱ्याने बातमी आणली, “साब, बॉयलरवाला कुएँ में पोटली छोड़ रहा था. मैंने खुद देखा.”

बॉयलरवाला म्हणजे गिरणीत हयातभर बॉयलर सांभाळलेला पन्नाशीचा मराठी माणूस. आजोबा महूच्या पलटणीत होते, हे तो अभिमानाने सांगे. विहिरीवर कुणी कपडे धुतले की तो भांडायला उठे, म्हणून वस्तीचा त्याच्यावर राग होताच. आम्ही त्याला ठाण्यात आणले, तेव्हा मागोमाग पन्नासेक माणसे फाटकाशी आली. ठाणेदार साहेबांनी आतूनच सांगितले, “विहिरीत विष घातल्याचं कलम लावा. उद्या सकाळी कोर्टात उभा करा.”

चौकशी माझ्याकडे आली. अंगावर वर्दी चढली की मी हिंदीतच बोलायचो, समोर कुणीही असो.

“पोटली में क्या था?”

“तुरटी, साहेब. फिटकरी. पाणी निवळतं का बघत होतो.”

बयान लिहून घेणारे हवालदार हसले. हे देपालपूरकडचे, माळवी बोलणारे, अक्षर मोत्यासारखे. “वा भिया! बॉयलर से सीधे डॉक्टर!”

“हसा, हवालदारजी. तक्रार तर तुमच्याकडेच दिली होती मी. महिना झाला.”

मी रोजनामचा, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, मागवला. नोंद खरेच होती, हवालदारांच्या सुंदर अक्षरात. कारखान्याचे लोक विहिरीजवळ मीठा पानी सोडतात, असे अर्जदाराचे म्हणणे आहे. कार्यवाहीची आवश्यकता नाही. खाली बॉयलरवाल्याची सही.

मला वाटले, माणूस खोटे बोलताना सापडला. मी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवले. “ये तुम्हारा बयान है. कारखाना मीठा पानी छोड़ता है. मीठा पानी छोड़ने से कुआँ खराब कैसे होगा? झूठ की भी हद होती है.”

तो हळूच म्हणाला, “साहेब, नावावरून तुम्ही तर आपलेच ना, मराठी? घरी आई काय म्हणते? भाजीत काय कमी पडलं म्हणते?”

“मीठ,” मी म्हणालो. आणि रजिस्टर परत माझ्याकडे ओढले.

तो ‘मीठ पाणी’ म्हणाला होता. हवालदारांनी हिंदीतले ‘मीठा पानी’, म्हणजे गोडे पाणी, ऐकले. शेजारच्या कारखान्यात पाणी गोडे करणारे यंत्र असताना त्यांना ते खटकलेही नाही. बयान वाचून दाखवले, तेव्हा यालाही आपलेच शब्द ऐकू आले. त्याने सही केली.

मग मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो आणि पहिल्यांदाच मराठीत विचारले, “काका, सगळं परत सांगा. सावकाश.”

त्याने सांगितले. यंत्र गोडे पाणी वेगळे काढते, तेव्हा सगळे क्षार उरलेल्या पाण्यात गोळा होतात. ते कारखाना गिरणीच्या जुन्या गटारात सोडतो. गटार फुटले आहे ते नेमके विहिरीच्या कडेला. “मीठ जड असतं साहेब, तळाला बसतं. वरची बादली अन् खालची बादली वेगवेगळी काढून बघा. बॉयलरमध्ये आम्ही हेच निस्तरायचो.”

त्याच दुपारी पंचांसमक्ष दोन नमुने घेतले. सीलबंद बाटल्या प्रयोगशाळेत पाठवल्या, पण मला धीर नव्हता. उरलेले पाणी ठाण्यातल्या चहाच्या दोन पातेल्यांत आटवले. तळाकडच्या पाण्याच्या पातेल्यात पांढरा थर इतका जाड बसला, की हवालदारांना तो उलथण्याने खरवडावा लागला.

कारखान्याचा मॅनेजर शांत होता. “साब, पानी ही तो है. समंदर किनारे भी ऐसा ही छोड़ते हैं.”

“इंदूर में समंदर किधर है?” हवालदारांनी विचारले.

बॉयलरवाल्याला संध्याकाळी सोडले. अहवाल आल्यावर पाणी दूषित केल्याचा गुन्हा कारखान्यावर नोंदला. गटार बंद झाले, आणि खारे पाणी उन्हात आटवायला कारखान्याला पक्का, अस्तर लावलेला हौद बांधावा लागला. रोजनामच्यातली जुनी नोंद खोडता येत नाही. हवालदारांनी नवी नोंद केली आणि ‘नमक’ शब्दाखाली स्वतःहून रेघ ओढली.

निवृत्तीनंतर मुलाकडे समुद्रकाठी गेलो, तेव्हा पाणी गोडे करणारा असाच एक मोठा प्रकल्प पाहिला. तिथला इंजिनिअर सांगत होता, की उरलेले खारे पाणी आधी पातळ करतात, मग लांब नळाने आत नेऊन बारीक छिद्रांतून सोडतात. नाहीतर ते तळाशी बसून तिथले जीव मारते. सगळा समुद्र समोर असून इतकी काळजी! मला आमची विहीर आठवली.

त्या प्रकरणानंतर प्रत्येक बयानाच्या शेवटी मी विचारत आलो, “तुमचा शब्द कोणता होता? तोच लिहिलाय ना?” वेळ जायचा, वरिष्ठ चिडायचे. पण एक माणूस एका कान्यापायी तुरुंगात जाता जाता राहिला, हे मी पाहिले होते.

विहीर निवळायला तीन पावसाळे गेले. चौथ्या उन्हाळ्यात बॉयलरवाले काका तांब्या घेऊन ठाण्यात आले. तांब्या हवालदारांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, “प्या हवालदारजी. मीठा पानी. आता लिहून घ्या.”